नाच बसवून झाला. आता बघायला कुणाला बोलवायचं?

तुमचा प्रश्न मोठा आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही भरतनाट्यम विशारद. सांगलीच्या विश्रामबागेत क्लास चालवता, दरवर्षी दोन-तीन शाळांची गॅदरिंग बसवता. आता पहिल्यांदाच स्वतःची ४० मिनिटांची रचना केली आहे, ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर, ९ मुली घेऊन. मध्ये गजी ढोलाचा, म्हणजे धनगरांच्या ढोलावरच्या नाचाचा, एक तुकडा आहे, आणि गाण्यात मराठी ओव्या आहेत. मार्चमध्ये भावे नाट्यमंदिरात प्रयोग करायचं मनात आहे. पालक ‘लई भारी झालंय मॅडम’ म्हणतात. पुण्यातल्या एका नामवंत नृत्यांगनेला लिंक पाठवली, तर ‘खूप छान, अशीच प्रगती करा’ एवढंच उत्तर आलं. तुम्ही विचारता की खरं सांगणारं माणूस सांगली-मिरजेत मिळेल का, त्याला विचारायचं काय, पैसे द्यायचे का, आणि त्यातल्याच कुणी कल्पना उचलली तर काय.

माणसं मिळतील. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं, आणि तेव्हापासून या गावाला नाटक बघून रात्री दोनपर्यंत वाद घालायची खोड आहे. नाचाच्या वाट्याला मात्र ते सुख आलं नाही. आपल्या कार्यक्रमाला पालक येतात, ते आपली मुलगी कितव्या रांगेत आहे ते बघतात. स्पर्धेला परीक्षक येतात, ते गुण देतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. प्रमुख पाहुणे पहिल्या आयटमनंतर उठतात. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘रसिकांची मने जिंकली’ अशी बातमी येते आणि तिच्यात निम्मी जागा व्यासपीठावरच्या नावांना जाते. रचना म्हणून तुमचं काम कुणी बघितलेलंच नसतं.

कुणाला बोलवावं यासाठी मी एकच कसोटी लावते : हा माणूस दुसऱ्यांदा येणार आहे का? एकदाच येऊन बोलणाऱ्याचं काही जात नाही. ‘मधली सहा मिनिटं काढून टाका’ असं मी तुम्हाला आज सांगितलं आणि तीन आठवड्यांनी परत येऊन बसले, की ती सहा मिनिटं काढल्यावर पुढचा अभिनय लंगडा पडला हे मलाही बघावं लागतं. माझ्या बोलण्याची जबाबदारी माझ्यावर येते. दिल्लीची गती डान्स फोरम किंवा बंगळुरूची अट्टक्कलरी यांनी तरुण नृत्यरचनाकारांसाठी निवासी उपक्रम केले, तेही याच पायावर : रचना घडत असताना अनुभवी माणूस अधूनमधून येऊन बघतो, बोलतो, परत येतो. आपल्याकडे तशी संस्था नाही, पण त्यासाठी संस्थाच लागते असं नाही. तीन माणसं आणि दोन तारखा पुरतात.

पहिलं माणूस तुमच्याच शैलीतलं हवं. तुमच्या गुरू मात्र नकोत. त्यांना तुमच्या नाचात स्वतःची शिकवणूक दिसते आणि त्या अरमंडी (गुडघे वाकवून घ्यायची अर्धी बैठक) सुधारत बसतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेत आहे, त्यामुळे नृत्याच्या परीक्षा घेणारी जाणकार मंडळी या भागात नवखी नाहीत. त्यांच्यातल्या एकीला विचारा. फक्त आधीच स्पष्ट सांगा की ‘ही परीक्षा नाही, मुलींचे हस्त, म्हणजे हातांच्या मुद्रा, आणि ताल मी बघून घेते, तुम्ही रचना बघा.’ हे सांगितलं नाही, तर सवयीने त्या प्रत्येकीची चूक टिपत बसतील आणि तुमच्या हातात ९ मुलींचं प्रगतिपुस्तक येईल.

दुसरं माणूस नाटकातलं. सांगलीत हौशी दिग्दर्शकांना तोटा नाही. नाचवाल्यांना जे दिसत नाही ते त्यांना पटकन दिसतं : कोण का आलं, कोण उगाच उभं आहे, विंगेत जाणारी मुलगी दोन पावलं आधीच ‘नाच संपला’ अशी चालायला लागते. त्यांना मुद्रा कळणार नाहीत, आणि तेच बरं. तुमच्या प्रेक्षकांतल्या बहुतेकांनाही कळणार नाहीत.

तिसरं माणूस लयीचं. मृदंगम वाजवणारं इकडे सहज मिळणार नाही, पण तबला-पखवाजवाले मिरजेत भरपूर. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती सुरू करणाऱ्या रोहिणीताई भाटे कथकबरोबर गाणंही रीतसर शिकल्या होत्या, त्यांच्या रचनांत ते ऐकू यायचं. आपलं तेवढं शिक्षण नसेल तर निदान तसा कान असलेलं माणूस शेजारी बसवावं.

चौथं माणूस खास तुमच्या रचनेसाठी सुचवते. त्याकडे पुढे येते.

तुमचा व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. रचना बघणं म्हणजे काय ते उपदेशापेक्षा उदाहरणातून कळेल, म्हणून मला दिसलं ते लिहिते. सुरुवातीची चार मिनिटं मुली पताक हस्ताने, म्हणजे उघड्या तळहाताने, लाटा दाखवत रंगमंच ओलांडतात. सफाई चांगली आहे. पण कृष्णेला लाटा नाहीत, ताई. २०१९ ला इथे राहिलेल्या कुणालाही विचारा. पाणी आवाज न करता आलं, समोर नदीकडे बघत असताना मागून शेरी नाल्याकडून आलं आणि एकेक पायरी घेत वर चढलं. तुमच्या नाचात पाणी आडवं वाहतं, सांगलीत ते उभं चढलं. हात हलवायच्या ऐवजी उंची बदलून, बसलेल्या-वाकलेल्या-उभ्या अशा पातळ्यांनी ते दाखवता येईल का, हा मी पहिला प्रश्न विचारेन. उत्तर तुम्ही शोधायचं.

अकराव्या मिनिटाला एक गंमत आहे, ती तुम्हाला माहीत आहे की नाही ठाऊक नाही. डावीकडची शेवटची मुलगी आपल्या वेळेची वाट बघत उभी असताना निऱ्या चिमटीत धरून बोटभर वर उचलते आणि पायाकडे बघते. बहुधा निऱ्या पायात येत होत्या म्हणून. पण माझ्या अंगावर काटा आला. पाणी उंबऱ्यात आलं की घरातली बाई पहिल्यांदा हेच करते. चार मिनिटांच्या लाटांपेक्षा त्या एका क्षणात जास्त पूर आहे. हे मुद्दाम केलंय का? केलं नसेल तर आता करा.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात ती पाण्याची पातळी जतींच्या, म्हणजे नाचातल्या तालबद्ध तुकड्यांच्या, बोलांसारखी म्हणण्याची कल्पना मला फार आवडली. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि त्या वर्षी आकडा ५७ फुटांच्या वर गेला. प्रत्येक सांगलीकराला हे पाठ आहे, त्यामुळे आकडे सुरू झाले की सभागृह आपोआप शांत होईल. पण ट्रॅकमध्ये ‘त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस’ एका लयीत, तीरमानमसारखे, म्हणजे तुकडा संपवणाऱ्या बोलांसारखे, धडाधड येतात. खऱ्यात ते तसे आले नाहीत. इंच-इंच आले, आणि दोन आकड्यांच्या मध्ये लोक वाट बघत बसले. ती वाट तालात कशी बसवायची, किती आवर्तनं रिकामी सोडायची, हे लयवाल्या माणसाला विचारायचं. हा प्रश्न असा नेमका दिलात तर एखादा तबलजी त्यावर दोन तास खुशीने घालवेल. ‘म्युझिक कसं वाटलं?’ असं विचारलंत तर ‘छान’ म्हणून चहा पिऊन जाईल.

आता एक सवय, जी आपल्या सगळ्यांना गॅदरिंगमुळे लागते. दर आठ काउंटला तुमची फॉर्मेशन बदलते. शाळेत ते लागतंच, कारण मागच्या रांगेतल्या मुलीची आईही पैसे भरते, मग रांगा फिरवाव्या लागतात. इथे ९ जणींना फिरवायची तशी सक्ती नाही. आणि आपण आरशासमोर बसवतो म्हणून सगळ्या सतत समोर बघतात. बघायला येणाऱ्यांची एक खुर्ची मुद्दाम बाजूला, विंगेच्या जागी ठेवा. तिथून रचना सपाट दिसली तर ती समोरूनही सपाटच आहे, फक्त पोशाखांमुळे ते झाकलं जातं. शेवटच्या पोझबद्दल एवढंच म्हणते की ती फोटोसाठी आहे.

गजीचा तुकडा. इथे ते चौथं माणूस हवं. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागातल्या एखाद्या गजी मंडळाच्या म्होरक्याला बोलवा. गजी गोल खेळतात, ढोल मधे असतो, हातात रुमाल असतात. त्या नाचाला पुढची बाजू नसते. तुम्ही ती दोन सरळ रांगांत आणून प्रेक्षकांसमोर उभी केली, तेव्हा रुमाल राहिले आणि गजी गेली. रंगमंचावर गोल ठेवला तर प्रेक्षकांना पाठी दिसतील, हे खरं. दिसू द्या, किंवा गोल अर्धा उघडा. पण हा निर्णय तो नाच अंगात असलेल्या माणसाशी बोलून घ्या. त्याला ‘लोककलावंत’ म्हणून शेवटी शाल द्यायला बोलावू नका. तालमीला बोलवा, गाडीभाडं आणि दिवसाचं मानधन द्या, परीक्षक बाईंच्या शेजारी खुर्ची द्या.

आणि एक विचारायचंच आहे : पुराच्या नाचात गजी का? नदीकाठी महापूर होता तेव्हा जिल्ह्याच्या पूर्वेला लोक पावसाची वाट बघत होते. त्या कोरड्या माळावरचा ढोल पुराच्या मध्यावर वाजतो, हे तुम्ही ठरवून केलं असेल तर तो तुमच्या रचनेचा कणा आहे आणि सध्या तो कुणालाच दिसत नाही. फक्त ‘मधे जरा जोश हवा’ म्हणून असेल, तर काढून टाकलात तरी चालेल.

बैठकीच्या दिवशी काय करायचं ते सांगते. पूर्ण रचना एकदा न थांबता दाखवा. पोशाख नको, मेकअप नको, साडी किंवा प्रॅक्टिस ड्रेस पुरे. चुकलं तरी ‘परत घेऊया’ नाही. आधी प्रस्तावना करू नका. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की मॅडम दहा मिनिटं अर्थ समजावून सांगतात आणि मग तोच अर्थ बघायला लावतात. कळलं नाही तर कळलं नाही, तेच तर शोधायचं आहे. फरशीकडेही लक्ष द्या. शहाबादी फरशीवर ४० मिनिटांच्या दोन फेऱ्या झाल्या की मुलींच्या नडग्या दुखायला लागतात, म्हणून एका दिवशी एकच पूर्ण फेरी. मोबाइल मागे मध्यभागी स्टँडवर लावा, झूम करू नका. नंतर मुली बघतील तेव्हा त्यांना सगळा रंगमंच दिसला पाहिजे.

बोलण्याचा क्रम मी अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांच्या पद्धतीवरून घेते. त्यांनी ती १९९० मध्ये बांधली, आणि तिच्यात चार पायऱ्या आहेत. आधी बघणाऱ्यांनी काय जाणवलं, काय लक्षात राहिलं तेवढंच सांगायचं. मग रचनाकाराने आपले प्रश्न विचारायचे. तिसऱ्या पायरीला बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण ज्यांच्या आत मत लपवलेलं नाही असे. म्हणजे ‘एवढी लांब का केली?’ नाही, तर ‘या भागाला किती वेळ द्यायचा हे कसं ठरवलंत?’ शेवटी मत, तेही ‘अमुकबद्दल मला मत आहे, ऐकायचंय का?’ असं विचारून. रचनाकार नाही म्हणू शकतो.

आपल्याकडे ही चौथी पायरी जशीच्या तशी चालत नाही. सत्तरीच्या गुरूंनी तुमची परवानगी मागायची, हे त्यांना आणि तुम्हालाही अवघड होईल. मी पहिल्या तीन पायऱ्या काटेकोर पाळते आणि शेवटी ज्येष्ठांना त्यांच्या पद्धतीने बोलू देते. तोवर त्यांनी इतरांचं ऐकलेलं असतं, धार थोडी कमी झालेली असते. तिसऱ्या पायरीला मात्र कुणीतरी राखण करावी लागते, कारण आपण मराठी माणसं प्रश्नचिन्ह लावून सल्ला देण्यात पटाईत. ‘इथे दिवे घेतले असते तर?’ हा प्रश्न नव्हे.

तुम्ही त्या दिवशी उत्तरं द्यायची नाहीत. वहीत लिहायचं. ‘नाही, ते कसं झालं माहितीये का, त्या दिवशी पूर्वा आजारी होती...’ हे सुरू झालं की समोरचा गप्प होतो आणि पुढचं खरं बोलणं बुडतं. मुलींना सुरुवातीच्या ‘काय जाणवलं’ या भागाला बसवा, नंतर घरी पाठवा. त्यांच्यासमोर रचनेची चिरफाड झाली तर दुसऱ्या दिवशी नाचाला पाय उचलणार नाहीत.

दोघांनी उलट सांगितलं तर? सांगतीलच. परीक्षक बाई म्हणतील अभिनय वाढवा, दिग्दर्शक म्हणतील अभिनय कमी करा. बहुतेक वेळा दोघांनाही एकाच जागी कंटाळा आलेला असतो, औषध तेवढं वेगवेगळं सुचवतात. जागा टिपून घ्या, औषध तुमचं तुम्ही ठरवा. एक विरोध मात्र आधीच सांगून ठेवते : ‘भरतनाट्यममध्ये मराठी ओव्या कशाला?’ असं कुणीतरी म्हणेल. त्यावर गप्प बसायची गरज नाही. तंजावरच्या सरफोजीराजांची नाचासाठीची मराठी निरूपणं आचार्य पार्वतीकुमार यांनी अभ्यासून रंगमंचावर आणली, आणि सुचेताताई भिडे-चापेकरांनी ‘नृत्यगंगा’मधून भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची जोड दिली. ओव्यांमुळे काही बिघडत नाही. त्या कुठे बसतात एवढाच प्रश्न आहे.

पैसे द्यायचेच. ड्रेपरीवाल्याला आपण आगाऊ देतो, साउंडवाल्याला प्रयोग संपायच्या आत देतो, आणि चार तास बसून रचना वाचणाऱ्याला नारळ. ओळखीमुळे फुकट येणारा माणूस दुसऱ्यांदा येत नाही, किंवा आला तर भिडेने गोड बोलतो. रक्कम मोठी नसेना का, दोन्ही तारखांचे पैसे आधी ठरवा आणि पाकिटात द्या. पोशाखांच्या भाड्यातून एक सेट कमी केलात तर ते निघतील, आणि तुमच्या व्हिडिओत तिसरा सेट तसाही नको आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘मार्गदर्शन’ लिहू नका, नाहीतर रचना त्यांची समजतील. ‘तालमी पाहून चर्चा केली’ असं साधं लिहा.

उचलाउचलीची भीती. अडवू (भरतनाट्यमची मूळ पावलं), ताल, पुराचा विषय हे कुणाच्या मालकीचे नाहीत. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत येते, अट अशी की ती लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी. म्हणून रचना तारखेसह लिहून काढा : कुणी कुठून यायचं, कोणते बोल, किती आवर्तनं. फक्त व्हिडिओवर विसंबू नका. लिहून काढताना रचनेतली भोकंही दिसतात, हा वरचा फायदा.

या बैठकांतून आणखी एक गोष्ट मागून घ्या, शिफारसपत्र. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयाच्या कलाकारांसाठी आहे, दरमहा १०,००० रुपये, दोन वर्षं. तुम्ही वयात बसता. अर्जासाठी प्रकल्प नीट मांडावा लागतो, आणि नदीकाठचा पूर व माळावरची गजी एकत्र हा प्रकल्प होऊ शकतो. तुमच्या क्लासमधल्या १८ ते २५ वयाच्या मुलींसाठी तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती वेगळी आहे, दरमहा ५,००० रुपयांची, तीही दोन वर्षं. ‘या गुणी कलाकार असून त्यांना उज्ज्वल भवितव्य लाभो’ अशा पत्राला किंमत नसते. दोनदा येऊन बघितलेला माणूस लिहू शकतो की पहिल्या वेळी काय होतं, दुसऱ्या वेळी काय बदललं आणि का. असं पत्र त्याच्याच लेटरहेडवर घ्या.

राहता राहिली तारीख. मार्च सोडा. तुम्हीच लिहिलंय की दोघी दहावीत आणि एक बारावीत आहे, मग जानेवारीनंतर त्यांच्या आया तुम्हाला तालमीला मुली देणार नाहीत, आणि द्यायलाही नकोत. ऑगस्टचाही मोह नको. वर्षपूर्ती म्हणून पेपरवाले येतील, पण नदीने पस्तीस फूट ओलांडले की सांगलीकर नाट्यगृहात जात नाही, आयर्विनवर पाणी बघायला जातो. प्रयोग जूनच्या मध्यावर ठेवा. गांधर्व मंडळाच्या नृत्याच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये असतात, तेव्हा परीक्षक बाई फिरतीवर असतील. त्यामुळे पहिली बैठक मार्चच्या शेवटी, दहावी-बारावीचे पेपर आटोपल्यावर, आणि दुसरी मेच्या अखेरीस. दोन्ही तारखा चौघांनाही आत्ताच कळवा आणि भावे नाट्यमंदिराचं बुकिंग त्यानंतर करा.